पान, राळ आणि रेणू : सीबीडीच्या बाटलीमागचा इतिहास

गेल्या काही वर्षांत औषधांच्या जाहिरातींत एक नवे नाव दिसू लागले आहे : सीबीडी. कधी ते 'विजया अर्क' या संस्कृत नावाने येते, तर कधी 'हेम्प ऑइल' या इंग्रजी नावाने. सांधेदुखी, निद्रानाश, चिंता, फिट येणे, इतकेच काय मधुमेह, अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या तक्रारींवर हे थेंब गुणकारी असल्याचे सांगितले जाते. मोबाइलवर मागणी नोंदवली की बाटली घरपोच येते. त्यामुळे जालना शहर असो की मंठा-घनसावंगीकडचे एखादे गाव, शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकाला पालक दोन प्रश्न विचारतात. "सर, हे घेतले तर अपाय नाही ना?" हा पहिला. "यात गांजा असतो म्हणतात, मग पोलिसांचे लफडे तर होणार नाही?" हा दुसरा.

पहिला प्रश्न औषधशास्त्राचा आहे आणि दुसरा कायद्याचा. दोन्हींचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. याचे कारण इतिहासात आहे. या एका वनस्पतीकडे आपण तीन वेगवेगळ्या चष्म्यांतून पाहत आलो आहोत. रूढीने तिला नावे दिली, कायद्याने तिचे अवयव मोजले आणि रसायनशास्त्राने तिच्यातले रेणू ओळखले. या तीन हिशेबांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही. सीबीडीची बाटली नेमकी त्या न जुळलेल्या जागेत उभी आहे.

नावांचा घोळ

आधी नावांपासून सुरुवात करू. 'हेम्प' या इंग्रजी शब्दाने एकच झाड ओळखले जाते असे नाही. मराठवाड्यात तुरीच्या किंवा ज्वारीच्या कडेने लावली जाणारी आणि भाजीसाठी खुडली जाणारी आपली अंबाडी इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' म्हणून ओळखली जाते. हिरवळीच्या खताचा ताग 'सन हेम्प' होतो आणि बांधावरचा घायपात 'सिसाल हेम्प'. या तिन्हींपासून वाख निघतो, एवढेच त्यांच्यातले साम्य. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. त्यातला 'कॅनाबिनस' म्हणजे भांगेसारखी. अंबाडीची बोटे फुटल्यासारखी पाने पाहून हे नाव पडले. नात्याने मात्र ती जास्वंदीच्या कुळातली, भांगेच्या नव्हे.

खरी भांग म्हणजे कॅनाबिस सटायव्हा. लिनियसने १७५३ साली हे नाव दिले. १७८५ साली लामार्कने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका अशी दुसरी जात सांगितली. त्या दोन जाती मानाव्यात की एक, याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

आपल्याकडच्या लोकांनी जातींपेक्षा अवयवांवरून नावे ठेवली. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि झाडावरून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. या नावांमागे बारीक निरीक्षण आहे. भांगेत नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. मादी फुलोऱ्यावर सूक्ष्म केस असतात आणि त्यांच्या टोकाशी राळ साठते. फुलाचे परागण होऊन बी धरले की झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि राळ कमी होते. म्हणून बंगालमध्ये नौगावच्या गांजाच्या शेतांत नर झाडे ओळखून वेळीच उपटून टाकणारे खास जाणकार असत. जालन्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. तेव्हापासून या भागातल्या शेतकऱ्यांना बीजोत्पादनाच्या प्लॉटमधल्या नर-मादी ओळी चांगल्या परिचयाच्या आहेत. तेथे परागण नेमके घडवायचे असते, गांजाच्या शेतात ते टाळायचे असते, एवढाच फरक.

मात्र रूढीच्या या नावांतून 'काय' ते कळते, 'किती' ते कळत नाही. आणि औषध म्हटले की 'किती' हाच पहिला प्रश्न असतो.

कलकत्त्यातले प्रयोग

हा प्रश्न प्रयोगाने सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न कलकत्त्यात झाला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातले विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ साली भांगेवरचा आपला निबंध वाचला. हेच ओशॉनेसी पुढे भारतातल्या तारायंत्राचे जनक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी आधी जुने ग्रंथ पाहिले, वैद्य-हकिमांना विचारले, मग कुत्र्यांसारख्या प्राण्यांवर प्रयोग केले आणि त्यानंतरच संधिवात, धनुर्वात, पटकी आणि आचके येणाऱ्या रुग्णांना गांजाच्या राळेचा मद्यार्कातला अर्क दिला. आधी प्राणी, मग माणूस हा क्रम त्या काळात नित्याचा नव्हता.

या निबंधामुळे भांगेचा अर्क युरोप-अमेरिकेच्या औषधालयांत पोचला आणि तेथील अधिकृत औषधसूचींत दाखल झाला. पण एक अडचण सतत जाणवत राहिली. एका बाटलीतले वीस थेंब काहीच करत नसत आणि दुसऱ्या बाटलीतले तेवढेच थेंब रुग्णाला बेभान करत. जॉन रसेल रेनॉल्ड्स या इंग्रज वैद्याने तीस वर्षांहून अधिक काळ हे औषध वापरले होते. १८९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिताना त्यांनी औषधाची ताकद सारखी नसते हे बजावून सांगितले आणि अगदी लहान मात्रेपासून सुरुवात करण्याचा सल्ला दिला. अफूपासून मॉर्फीन शुद्ध रूपात काढता आले होते, त्यामुळे त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येई. भांगेच्या राळेतले गुणकारी द्रव्य कोणते, हेच माहीत नव्हते. मोजायचे काय, हे ठाऊक नसेल तर मोजणार कसे? पुढे ॲस्पिरिनसारखी निश्चित मात्रेची औषधे आली आणि भांगेचा अर्क मागे पडला. अमेरिकेच्या औषधसूचीतून तो १९४२ साली वगळण्यात आला.

वेड्यांच्या इस्पितळातली नोंदवही

याच सुमारास एक वेगळा वाद पेटला होता. गांजाने वेड लागते, भारतातली वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, असे इंग्लंडमध्ये बोलले जाई. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये यावर प्रश्न विचारला गेला आणि त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सदस्यांत सर्जन-मेजर वॉर्डन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि तीन भारतीय होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. अहवालाचे सात खंड झाले. सातव्या खंडात मुंबई इलाखा आणि वऱ्हाड येथील साक्षी आहेत. आजचा जालना जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच्या पश्चिम अंगाला मुंबई इलाख्यातला, गांजाच्या लागवडीसाठी ओळखला जाणारा अहमदनगर जिल्हा (आताचे अहिल्यानगर) आणि उत्तर-पूर्वेला ब्रिटिशांच्या ताब्यातले वऱ्हाड. म्हणजे आपल्या दोन्ही बाजूंच्या मुलखाची साक्ष त्या खंडात आहे.

या आयोगाचे सर्वांत मोलाचे काम माझ्या मते इस्पितळांच्या नोंदवह्यांबाबतचे आहे. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण 'गांजा-भांग' असे नोंदलेले होते. आयोगाने यातला एकेक रुग्ण तपासला. तेव्हा असे दिसले, की रुग्णाला आणणारा पोलीस कागदाच्या 'कारण' या रकान्यात काहीतरी भरून आणी आणि इस्पितळातला कारकून ते नोंदवहीत उतरवून घेई. माणूस बैरागी असला किंवा त्याचा ठावठिकाणा नसला, तर 'गांजा' हे सोयीचे उत्तर. चौकशीअंती २२२ पैकी केवळ ९८ रुग्णांत भांगेचा संबंध मानता आला आणि इतर कोणतेही कारण नाही असे जेमतेम ६१ निघाले.

आयोगाचा निष्कर्ष असा, की मर्यादित सेवनाने बहुधा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदी न घालता कर आणि परवाने यांच्या साहाय्याने नियंत्रण ठेवावे. 'ब्रिटिशांच्या आयोगानेच भांग निर्धोक ठरवली' असे आज जे सांगितले जाते, ते या निष्कर्षाचे अर्धेच वाक्य असते. अतिसेवनाबद्दलचे उरलेले अर्धे वाक्य गाळले जाते. शिवाय 'मर्यादित' म्हणजे राळेतल्या कोणत्या द्रव्याचे किती मिलिग्रॅम, हे आयोगाला सांगणे शक्यच नव्हते. ते द्रव्य कोणाला माहीतच नव्हते.

एकाच सूत्राचे दोन रेणू

ते द्रव्य सापडायला आणखी अर्धशतकाहून अधिक काळ गेला. १९४० साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले रॉजर ॲडम्स आणि त्यांचे सहकारी यांनी मिनेसोटातल्या रानटी भांगेपासून एक संयुग वेगळे केले. त्याला त्यांनी कॅनाबिडिऑल हे नाव दिले. हेच सीबीडी. त्याने नशा येत नव्हती. १९६३ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि शवो यांनी त्याची रचना निश्चित केली. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, गाओनी आणि मेशूलम यांनी नशा आणणारे मुख्य द्रव्य शुद्ध रूपात मिळवून त्याचीही रचना सांगितली. ते टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी.

समघटक शिकवताना या जोडीचे उदाहरण जरूर द्यावे. दोन्ही रेणूंत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू. रेणुभारही एकच, ३१४. टीएचसीमध्ये ऑक्सिजनमधून जाणारे एक कडे मिटलेले असते, सीबीडीमध्ये ते उघडे असते. एवढ्या फरकाने टीएचसी मेंदूतल्या एका विशिष्ट ग्राहीवर बसते आणि नशा येते. सीबीडी तेथे तसे बसत नाही. प्रयोगशाळेत आम्लाच्या साहाय्याने ते उघडे कडे मिटवता येते, म्हणजे सीबीडीपासून टीएचसी बनवता येते. हेही ॲडम्स यांच्याच काळात कळले होते.

झाडात हे दोन्ही एकाच पूर्वद्रव्यापासून तयार होतात. कोणत्या झाडात कोणते विकर अधिक, यावर टीएचसी आणि सीबीडी यांचे प्रमाण ठरते आणि ते वाणावर, म्हणजे बियाण्यावर अवलंबून असते. त्यामुळे पान म्हणजे सौम्य आणि फूल म्हणजे जहाल, हा रूढीचा हिशेब ढोबळ ठरतो. पानातही टीएचसी असते. पुष्कळ पाने घेऊन त्यांचा अर्क आटवला, तर त्यात ते साठत जाते.

कायद्याला दिसतात ते अवयव

आता तारखांकडे लक्ष द्या. मादक पदार्थांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा मुख्य करार १९६१ सालचा आहे. टीएचसीची रचना कळली ती १९६४ साली. म्हणजे करार लिहिणाऱ्यांपुढे रेणू नव्हतेच, होते ते झाडाचे अवयव. म्हणून त्यात 'फुलोरे, मात्र फुलोऱ्यासोबत नसलेली बिया आणि पाने वगळून' अशी व्याख्या आली. आपल्या संसदेने १९८५ साली गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा केला. आपण त्याला एनडीपीएस म्हणतो. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो अमलात आला. त्यात हीच अवयवांची भाषा कायम राहिली.

या व्याख्येनुसार गांजा म्हणजे फुलोरे. चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध केलेली; राळेपासून केलेले दाट तेलही त्यातच येते. या दोहोंचे कोणतेही मिश्रण किंवा पेयही त्यात मोडते. नुसती पाने, म्हणजे भांग, या व्याख्येबाहेर राहते. टीएचसी या रेणूची मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत स्वतंत्र नोंद आहे. सीबीडी हे नाव मात्र कॅनाबिसच्या व्याख्येत कोठेच येत नाही.

विक्रेते येथेच बोट ठेवतात. 'आमचा अर्क पानांचा आहे, म्हणून कायदेशीर आहे', असे ते म्हणतात. हे अर्धेच खरे. एक तर अर्क पानांचाच आहे, त्यात फुलोरे किंवा राळ नाही, हे ग्राहकाला बाटली पाहून कळत नाही. दुसरे असे, की पानांचा प्रश्न केंद्राने राज्यांवर सोडला आहे आणि राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्यातल्या मादक द्रव्याच्या व्याख्येत भांगेची पानेही येतात. ती विनापरवाना बाळगणे, विकणे किंवा सेवन करणे हा येथे गुन्हा आहे. जालना, भोकरदन, अंबडचा मुलूख १९५६ साली मुंबई राज्यात आला. त्यानंतर हा कायदा येथेही लागू झाला. उज्जैनला किंवा काशीला सरकारमान्य दुकानात भांग मिळते. यात्रेहून परतताना तीच पुडी पिशवीत घालून आणली, तर ती तेथली परवानगी महाराष्ट्राच्या हद्दीत कामाला येत नाही.

शिक्षाही ध्यानात असाव्यात. एनडीपीएस कायद्याखाली गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तुरीच्या आडोशाला दोन-चार झाडे लावणाऱ्यालाही हेच कलम लागते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते 'अल्प प्रमाण', तरीही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोंहून अधिक म्हणजे 'व्यापारी प्रमाण', त्याला दहा ते वीस वर्षे. चरसासाठी याच मर्यादा १०० ग्रॅम आणि एक किलो इतक्या कमी आहेत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात असा निर्णय दिला, की मिश्रण असेल तर त्यातल्या शुद्ध द्रव्याचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे. तेलात राळ मिसळलेली निघाली, तर वजन सगळ्या तेलाचे होईल.

परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या बाटलीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेने २०१८ साली ०.३ टक्क्यापेक्षा अधिक टीएचसी नसलेली भांग 'हेम्प' म्हणून मादक द्रव्यांतून वगळली. ही ०.३ टक्क्याची रेषा कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ साली वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखली होती. तिच्या अलीकडे निर्धोक आणि पलीकडे धोकादायक, असा तिचा अर्थ नव्हताच. मुख्य म्हणजे तेथे जे चालते ते येथे चालेलच असे नाही. आपल्या कायद्याला तिकडचे लेबल बांधील नाही.

औषध म्हणून सीबीडी

मग सीबीडी हे थोतांड आहे का? तसेही नाही. फिट येण्याच्या काही दुर्मिळ आणि हट्टी प्रकारांत त्याचा उपयोग काटेकोर चाचण्यांतून सिद्ध झाला आहे. ड्रावे सिंड्रोम या लहान मुलांच्या विकारावरील चाचणीचे निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात १२० मुले होती. सीबीडी मिळालेल्या गटात महिन्याला येणाऱ्या झटक्यांची मध्यगा १२.४ वरून ५.९ वर आली. नकली औषध मिळालेल्या गटात ती १४.९ वरून १४.१ झाली. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शुद्ध सीबीडीच्या औषधाला अशा विकारांसाठी मान्यता दिली.

या चाचणीतल्या दोन बाबी जाहिरातीत येत नाहीत. पहिली म्हणजे सर्व मुलांची नेहमीची औषधे चालूच होती, सीबीडी त्यांच्या जोडीला दिले होते. दुसरी बाब मात्रेची. रोज वजनाच्या प्रत्येक किलोला २० मिलिग्रॅम. म्हणजे ३० किलो वजनाच्या मुलाला दिवसाला ६०० मिलिग्रॅम. आता समजा, बाजारात आणलेल्या एका बाटलीत ३०० मिलिग्रॅम सीबीडी आहे. या हिशेबाने ती अर्ध्या दिवसात संपेल. पालक मात्र रोज पाच-सहा थेंब देऊन ती महिनाभर पुरवतील. एवढ्या मात्रेचा चाचणीतल्या मात्रेशी काहीच संबंध राहत नाही.

आणि मात्रा वाढवली तर? त्या मान्य मात्रेत काही रुग्णांच्या यकृतातील विकरांची रक्तातली पातळी वाढलेली आढळली. व्हॅल्प्रोएट हे फिटवरचे नेहमीचे औषध सोबत असेल, तर हा धोका अधिक. क्लोबाझामसोबत घेतल्यास त्याच्यापासून शरीरात बनणारे क्रियाशील द्रव्य साचते आणि गुंगी वाढते. यकृतातली ज्या विकरांची यंत्रणा अनेक औषधे मोडते, तिचे काम सीबीडी मंदावते. त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधाचा परिणाम प्रमाणाबाहेर वाढू शकतो. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२० साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ७० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली होती. २०२३ साली तिने ती १० मिलिग्रॅमवर आणली.

म्हणजे थोड्या मात्रेत उपयोगाचा पुरावा नाही आणि पुरावा आहे त्या मात्रेत रक्ततपासणीशिवाय घेणे योग्य नाही. सर्वांत मोठा धोका तिसराच आहे. थेंब सुरू झाले म्हणून पालक मुलाच्या फिटच्या गोळ्या परस्पर बंद करतात. अशा गोळ्या अचानक थांबवल्या तर झटक्यामागून झटके येत राहण्याची अवस्था ओढवते आणि ती जिवावर बेतू शकते. शिक्षकाने पालकांना एकच गोष्ट सांगायची असेल, तर ती ही सांगावी. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनीही हे थेंब टाळावेत.

लेबल वाचायचे कसे

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला लेबल वाचायला शिकवावे लागत नाही. बियाण्याची पिशवी हातात घेतली की तो वाण, लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी, भौतिक शुद्धता, तपासणीची तारीख आणि वैधता पाहतो. पावती जपून ठेवतो. बियाणे उगवले नाही तर तक्रार करायला त्याच कागदाचा आधार असतो. १९६६ च्या बियाणे कायद्यामागचा विचार असा, की डोळ्यांना न दिसणारा गुण विकायचा असेल, तर तो मोजून, लिहून आणि जबाबदारी घेऊन विकावा.

हाच नियम बाटलीला लावून पाहू. २०१७ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. लेबलाप्रमाणे सीबीडी भरले ते फक्त ३१ टक्के उत्पादनांत. १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. लेबलावर काय लिहिले आहे आणि आत काय आहे, यांतले अंतर वेड्यांच्या इस्पितळातल्या त्या नोंदवहीची आठवण करून देणारे आहे. टीएचसी असलेले थेंब घेणाऱ्याची लघवीची चाचणी सदोष येऊ शकते. खेळाडूंसाठी तर हे महत्त्वाचे आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडी बंदीतून वगळले, पण टीएचसी वगळलेले नाही.

'हेम्प सीड ऑइल', म्हणजे भांगेच्या बियांचे तेल, ही आणखी वेगळी वस्तू. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये बिया आणि त्यांचे तेल खाद्य म्हणून मान्य केले. त्यात टीएचसीची मर्यादा तेलासाठी किलोमागे १० मिलिग्रॅम आणि सीबीडीची किलोमागे ७५ मिलिग्रॅम आहे. दहा ग्रॅम तेलात सीबीडी फार तर पाऊण मिलिग्रॅम येईल. जवसाच्या तेलासारखे ते खाद्यतेल आहे. सीबीडीचे औषध म्हणून ते कोणी विकत असेल, तर तो गणितात तरी चुकतो आहे किंवा आपल्याला फसवतो आहे.

औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या विजयाच्या आयुर्वेदिक उत्पादनांबाबत पाहायचे ते असे. लेबलावर आयुष विभागाचा उत्पादन परवाना क्रमांक आहे का? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत भांगेचा समावेश आहे, म्हणून 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' हा इशारा छापणे बंधनकारक आहे. तो आहे का? वनस्पतीचा कोणता भाग वापरला, सीबीडी आणि टीएचसी प्रत्येकी किती, बॅच नंबर कोणता आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल मिळतो का? नोंदणीकृत वैद्याने तपासून दिलेली चिठ्ठी आणि बिल जवळ आहे का? यांतले एक जरी नसेल, तर बाटली परत करणे शहाणपणाचे. आणि लेबलावर किंवा जाहिरातीत मधुमेह, कर्करोग किंवा फेफरे बरे करण्याचा दावा असेल, तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याचा तो भंग आहे. असा विक्रेता एक कायदा मोडतोच आहे, मग दुसरा तो पाळत असेल यावर विश्वास का ठेवावा?

नववी-दहावीच्या वर्गात यावर एक सोपा तास घेता येईल. मुलांना घरून बियाण्याची रिकामी पिशवी आणि औषधाचे रिकामे खोके आणायला सांगावे. दोन्हींवर 'काय', 'किती', 'कोणी बनवले', 'कधीपर्यंत चालेल' आणि 'तक्रार कोणाकडे' या पाच प्रश्नांची उत्तरे शोधून तक्ता करावा. मग वर्तमानपत्रातली एखादी 'सर्व रोगांवर एकच उपाय' छापाची जाहिरात घ्यावी आणि तेच पाच रकाने भरायला सांगावेत. कोणते रकाने रिकामे राहतात ते मुले स्वतःच सांगतील. ओशॉनेसी यांच्यापासून आयोगापर्यंत आणि ॲडम्स-मेशूलम यांच्यापासून आजपर्यंत सर्वांची धडपड याच रिकाम्या रकान्यांसाठी होती. ते भरल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये, एवढे मुलांच्या मार्फत घरी पोचले तरी तास सार्थकी लागला म्हणायचा.